तांब्याच्या गळ्यातली माळ

सकाळी उटलं की मी आदी लेकाचे डोळे बगते, चहा मागून. त्याला लय राग यायचा. "माय, म्हैस घ्यायला आल्यावानी काय बगायलीस?" म्हनायचा. म्हनू दे.

त्याच्या रगतात काविळीच्या दोन बिमाऱ्या निगाल्या, बी आन् सी. दोन्हीबी काळीज खानाऱ्या. परभनीच्या डॉक्टरनं मला समोर बसवून सांगितलं, "आजी, सीवर गोळ्या देतो, ती जाईल. पण ती गेली की कधी कधी दबलेली बी उठून बसते. बरं वाटलं तरी रक्त तपासायला येत जा." मला शाळा न्हाई, पर हे डोस्क्यात पक्कं बसलं. एका घरातल्या दोन भांडकुदळ जावा; एक गप झाली की दुसरीचा आवाज चडतो.

गोळ्या सपल्या, सी गेली. लेकानं पेडे वाटले. मंग रगत तपासायचं आलं की सोयाबीन काडायचं निगायचं, न्हाईतर मोटारसायकल बिगडायची. माझ्या जिवाला थारा न्हाई. सुनंला म्हनलं, तर ती म्हनली, "मामी, मी बोलले की माझ्यावरच वरडतेत."

एक दिवस त्याच्या डोळ्याच्या कोपऱ्यात पिवळं दिसलं. "आता तर चल," म्हनलं. तो गेला, पर परभनीला न्हाई, ताडकळसच्या बाजाराला. तितं एक म्हातारा काविळीची माळ देतो. बारीक काड्यायची, बांगडीएवडी. डोक्यावर ठिवायची. कावीळ उतरंल तशी माळ वाडती, गळ्यात येती, पायाशी पडली की बरं झालं, आसा आमच्याकडं सगळ्यायचा भरवसा. ल्हानपनी मलाबी घातली व्हती.

दोन-तीन दिसांत माळ छातीवर आली. "बग माय, उतरायली!" लेक खुश. डोळे आनकी पिवळे, आन् भाकर बगितली की वकारी.

मी एसटीत बसले, त्या म्हाताऱ्याकडून तसलीच माळ आनली. पितळी तांब्याच्या गळ्यात घातली आन् तो तांब्या लेकाच्या खाटंसमोर देवळीत ठिवला. काड्या वाळायल्या तशा गाटी ढिल्या झाल्या. माळ तांब्याच्या पोटावर आली, मंग बुडाशी पडली.

"हे कोन घातलं?" लेक म्हनला.

"मी. तांब्याची कावीळ उतरली. पर आजून पिवळाच दिसायलाय, बग बरं."

सून पदर तोंडाला लावून हासली. तो न्हाई हासला. तांब्या उचलून बुडाशी पडलेली माळ बोटानं चाचपली. मंग सोताच्या गळ्यातली माळ काडून म्हनला, "परभनीची गाडी कवा हाय?"

डॉक्टरनं रगत बगितलं. "बी उठलीय. आणखी उशीर केला असता तर अवघड होतं," म्हनला. आता रोजची गोळी हाय, आपल्या मनानं सोडायची न्हाई. सुनंचंबी रगत तपासलं, ते चांगलं निगालं. तिला लस टोचली.

पिवळं कमी व्हायलंय म्हनतेत. मला आजून दिसतं. मी उटते, बसते, परत जाऊन बगते. आज सकाळी तो आपूनच उंबऱ्यावर उजेडात येऊन बसला. बोटानं पापनी खाली वडली. "घे माय, बग," म्हनला.

चहा चुलीवर उतू गेला. जाऊ दिला.