वडिलांची वीस लिटरची बादली

वडील गेले, धाकट्याने त्यांच्या पंपदुरुस्तीच्या दुकानात वाटणी मागितली. एके दुपारी मोठी बहीण जेवायला गेलेली बघून त्याने वडिलांची पत्र्याची बादली उचलली आणि समोरच्या गाळ्यात पंपदुरुस्तीचं स्वतःचं दुकान थाटलं. पान्यांचा संच नेला असता, तर ताईंनी चार शिव्या देऊन सोडलं असतं. पण बादली!

दुरुस्त पंपाच्या धारेखाली ती धरायची आणि घड्याळाकडे बघायचं. बारा सेकंदांत भरली, की मिनिटाला पाच बादल्या, म्हणजे शंभर लिटर. पंपावरची पाटी बोलते तासाला घनमीटरमध्ये. मग साठने गुणा, हजाराने भागा, आले सहा! हा हिशेब भावंडं पाढ्यांआधी शिकली होती.

एक गोष्ट मात्र धाकट्याला ठाऊक नव्हती. गंजलेलं बूड बदलताना पत्रेवाल्याने नवं बूड चांगलं वर बसवलं आणि वीसची बादली सोळाची झाली. तेव्हा ती धरायला ताई होत्या. धाकटा नेहमीप्रमाणे उंडारत होता. पुढे वडील आणि ताई हिशेब सोळाने करत, हाक मात्र "वीसची आण!" अशीच.

ताईंनी तोंडाला कुलूप घातलं आणि मांजर बिळापाशी बसतं तशा गल्ल्यावर बसून राहिल्या.

लवकरच लाँड्रीवाले तणतणत आले. "तुमच्या भावाने सहा सांगितले हो! मशीन भरेपर्यंत कपडे म्हातारे होतात!"

"अरेरे," ताई म्हणाल्या. इतकं गोड 'अरेरे' त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं.

शेवटी धाकटा आला. मागे लाँड्रीवाले होतेच.

"ताई, बादलीत काहीतरी आहे."

"पाणी असेल."

"सांग ना गं!"

"आधी उचललीस तिथे आणून ठेव. ह्यांच्यासमोर."

मान खाली घालून त्याने बादली आणली, कोपऱ्यात ठेवली.

"सोळाची आहे. तुझे सहा म्हणजे पाचसुद्धा नाहीत. आता दुरुस्त करून दिलेले सगळे पंप परत आण आणि उघड."

"आधी का नाही बोललीस?"

"नेताना विचारलं होतंस?"

बादली आता ताईंच्या दारावर टांगलेली असते, बूड धाकट्याच्या गल्ल्याकडे करून. मोजायला ताई नवी वापरतात. जुनी रोज सकाळी घासतात, तो शटर उघडतो नेमकी त्याच वेळी.