नागूबाईच्या हाताला लागलं ते

सोनारीच्या नागूबाईला तराजू कधी लागला नाही. मेंढराच्या कमरेवर, कण्याच्या दोन्ही बाजूंना बोटं दाबली की ते खाऊन भरलंय की सकाळी मीठ चाटवून, पाणी पाजून फुगवलंय, हे ती डोळे झाकून सांगायची. बाजारातले खाटीकसुद्धा तिला वचकून असत. आणि तोंड तर हाताहून फटकळ. नवरा गेल्यावर चाळीस मेंढरं आणि एक लेक तिनं एकटीनं वाढवली, कुणाची मिजास म्हणून चालू दिली नाही.

त्या लेकीला, दीपालीला, जावई एका सकाळी दारात उतरवून गेला. पाणीसुद्धा प्यायला नाही मेला. नागूबाईनं पोरीला पोटाशी धरलं, पाठीवरून हात फिरवला आणि हात जागीच थांबला. कण्याचा मणी न् मणी बोटांना लागत होता.

झालं होतं असं. जावई कृष्णराज शाळेत क्लार्क. त्याला मोबाईलमधल्या बायांसारखी बायको पाहिजे होती, पोट सपाट आणि कमरेखाली भरलेली. लगीन करताना आंधळा होता का, देव जाणे! वर्षभर टोचून टोचून त्यानं पोरीला सोलापूरच्या दवाखान्यात नेलं. तिथं पोटाची चरबी नळीनं ओढून मागं भरली. पंधरा दिवस गडी खूश. मग सूज उतरली, आणि तीन महिन्यांत भरलेलं बहुतेक सगळं गेलं. आता ह्याचं म्हणणं काय, तर पोरीच्या अंगातच खोट, काही भरा, टिकत नाही. वाशीची एक पोरगी त्यानं बघूनही ठेवली होती. चार पाहुण्यांत बसून दीपालीकडून सोडचिठ्ठी लिहून घ्यायची, खोट तिची म्हणून, एवढंच काय ते राहिलं होतं.

नागूबाईचा राग आधी डॉक्टरीणबाईवर होता. सोलापूरला जाऊन तिनं दवाखान्यात उभ्या उभ्या शिव्यांची लाखोली वाहिली. बाईनं सगळं ऐकून घेतलं, तिला खुर्चीवर बसवलं आणि दीपालीचा कागद काढून वाचून दाखवला. भरलेल्या चरबीतली साधारण निम्मी धरते, बाकीची अंगात जिरून जाते, असं तिनं आधीच सांगितलं होतं. धरेपर्यंत काही आठवडे तिच्यावर दाब देऊन बसायचं नाही. पोटभर खायचं, कारण वजन उतरलं की धरलेली चरबीही उतरते. सगळं लिहिलेलं आणि खाली कृष्णराजची सही. ऑपरेशनच्या दिवशी पोरीचं वजन चोपन्न किलो, तीन महिन्यांनी पंचेचाळीस. नागूबाईला वाचता येत नव्हतं, पण नऊ किलो म्हणजे किती ते तिला चांगलं कळत होतं. त्या कागदाची नक्कल तिनं मागून घेतली.

घरी येऊन तिनं लेकीला खोदून खोदून विचारलं. दीपाली खाली मान घालून बोलली. आठव्या दिवशीच सासूनं भाकरी थापायला चुलीपुढं बसवलं होतं. आणि ओढून काढलेलं पोट परत सुटू नये म्हणून कृष्णराज स्वतः मोजून वाढायचा, सकाळी अर्धी भाकरी, संध्याकाळी अर्धी. त्याच उपासात मागं भरलेलंही वितळलं. शिकलेला म्हणे! नागूबाई उठली, तडक काळभैरवाच्या देवळात गेली आणि देवाला बजावून आली, की ह्यात तू पडू नको, ह्याचं काय करायचं ते माझं मी बघते.

बैठक देवळाजवळच्या लिंबाखाली बसली. दोन्हीकडचे पाहुणे आले, सगळ्यांचा जन्म मेंढरांत गेलेला. वाशीच्या पोरीचा मामाही कोपऱ्यात येऊन टेकला होता. कृष्णराजनं इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या सारख्या करत पोरीच्या अंगातली खोट सांगितली. त्याचं संपल्यावर नागूबाईनं कागद त्याच्याच थोरल्या चुलत्याच्या, गुंडाप्पांच्या हातात दिला आणि मोठ्यानं वाचायला लावला. वजनं दोनदा वाचून घेतली. मग ती जावयापाशी गेली आणि सगळ्यांदेखत त्याच्या कमरेवर बोटं दाबली, बाजारात बोकड बघतात तशी.

"ह्याच्या अंगाला बगा कसं लागलंय," ती गुंडाप्पांकडं वळून म्हणाली. "आण्णा, तुमीच सांगा. मेंढरू वाळलं तर खोट मेंढराची का राखणाऱ्याची?"

कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच हसले. कृष्णराजचं तोंड काळंठिक्कर पडलं. वाशीच्या मामानं मुकाट्यानं चपला घातल्या आणि वाट धरली. नागूबाईचं काळीज थंड झालं.

गुंडाप्पांनी घाईघाईनं तडजोड काढली. पोरानं चूक कबूल करून बायकोला नांदायला न्यावं, नीट खाऊ घालावं. तिला जायचं नसेल तर तिनं त्याला दुसऱ्या लग्नाला मोकळं करावं, खोट कुणाचीच लिहायची नाही. नागूबाईला हे पटलं. सुटली पोर, असंच तिला वाटलं.

 आता दीपाली उठली.

"नांदायला जात न्हाय," ती म्हणाली. "आन् सोडचिठ्ठी बी देत न्हाय. कोर्टात जाऊ दे त्याला. तितं बी ह्योच कागद वाचू."

नागूबाई चपापली. "आगं, मंग तुजं कसं व्हायचं?"

"म्या हाय की हितंच. घाई त्याला हाय, आये. मला न्हाय."

जन्मात कुणाला न भ्यालेल्या नागूबाईला त्या दिवशी लेकीची भीती वाटली, आणि ती गुमान तिच्या मागं घराकडं चालू लागली.