उंबऱ्यात राहिलेले बूट

मेंग ओक-बुन आजींनी गुनसानच्या बंदरावर उभा जन्म मासे विकले. घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाशी बोलताना त्या हातातली सुरी खाली ठेवत नसत, एवढं सांगितलं की स्वभाव कळावा. नवरा गेला, गुडघे गेले, तेव्हा मुलानं त्यांना अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणून ठेवलं. जागा फार सुरक्षित होती. इतकी, की सुरक्षेच्या नावाखाली कुणीही केव्हाही आत येई.

गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी आजींनी वॉचमन प्योला दाराच्या आकडी कुलुपाचा नंबर सांगितला होता, पार्सलं आत ठेवण्यापुरता. गुडघा बरा झाला, पण सोसायटीची काळजी काही बरी होईना. आज गॅसचा नळ तपासायचा, उद्या बॉयलर. आजी बाहेर पडल्या रे पडल्या की अध्यक्ष थाकसाहेब हुकूम सोडत आणि प्यो वर येई. माणूस मात्र मोठा रीतीचा. परवानगी कधी विचारायचा नाही, पण बूट काढल्याशिवाय कधी आत पाऊल टाकायचा नाही.

मग थाकसाहेबांच्या नाकाला आजींच्या गॅलरीतली बरणी खुपू लागली. रोज सकाळी घरोघरच्या छतातला सोसायटीचा स्पीकर खाकरायचा आणि "अकराव्या मजल्यावरील वासाबद्दल" रहिवाशांची माफी मागायचा. अकराव्या मजल्यावर दोनच घरं, त्यातलं एक रिकामं. नाव न घेण्याची सभ्यता सोसायटीनं पाळली होती.

बरणीत सोया सॉस होता, आजींच्या सासूनं घातलेला. विरजणासारखा तो चालत आला होता. दर वर्षी त्यात नवा घालायचा, थोडा काढायचा, पण तळ कधी रिकामा होऊ द्यायचा नाही. सासूनं जन्मभर टोमणे दिले आणि मरताना ही बरणी दिली. तिच्यात जे काही गोड होतं ते सगळं याच बरणीत उतरलं असावं, असं आजींना वाटे. बरणी गेली तर तसा सॉस पुन्हा कुठे मिळणार नव्हता.

मंगळवारी आजी गल्लीतल्या सार्वजनिक न्हाणीघरातून अंघोळ करून परतल्या, तर उंबऱ्यात काळे बूट. नीट जोडून, टोकं दाराकडे करून ठेवलेले. आत कुणी नाही. गॅलरीत बरणीच्या जागी गोल डाग. आणि आजींच्या गुलाबी रबरी चपला गायब.

आजींच्या लक्षात आलं. दोन्ही हातांत बरणी, पायाखालचं दिसत नाही, समोर आलं त्यात पाय सरकवून प्योची स्वारी निघून गेली.

बूट उचलून त्या तडक खाली केबिनशी गेल्या. प्यो कचरा वेगळा करायला गेला होता. आजींनी सरळ दार उघडलं. परवानगीचं काय ते सोसायटीनंच त्यांना शिकवलं होतं. सगळं उधळून टाकायचं ठरवूनच त्या आल्या होत्या, पण समोर जमिनीवर गादी दिसली आणि सवयीनं त्यांनी चपला दारात काढल्या.

गादीवर बुटांचे ठसे होते. टाचांचे, खेळाच्या बुटांचे, एक तर पोराचाही. उशाशी पार्सलांचा ढीग. ज्याला हवं तो गादी तुडवत येई आणि आपलं पार्सल घेऊन जाई. कोपऱ्यात प्योच्या रजईत गुंडाळलेली बरणी होती. तिला तेवढा कुणाचा पाय लागला नव्हता.

प्यो आला. पायांत गुलाबी चपला. दारातल्या चपलांकडे बघतच राहिला.

"आजी, या तुम्ही काढल्यात?" सत्तरीला टेकलेला प्यो त्यांना आजी म्हणे.

"मग काय डोक्यावर घेऊन बसू? माझी बरणी इथं कशी?"

"साहेब म्हणाले फेकून दे, नाहीतर नोकरीचा पुढचा करार विसर. फेकवेना हो. माझी आई घालायची असाच सॉस. तुमच्या मुलाला फोन करणार होतो."

"आणि मला विचारायला जीभ झडली होती?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

"म्हणजे विचारायचं असतं, हे ठाऊक होतं तर!"

तेवढ्यात थाकसाहेब बुटांसकट गादीवर आले. "प्यो, टाकलीस का ती घाण?"

"बूट काढा," आजी म्हणाल्या.

"अहो, ही सोसायटीची केबिन आहे!"

"हा माणूस इथं झोपतो. काढा म्हणते ना! वास येत असेल तर माझ्या दाराशी या, बेल वाजवा, काय ते माझ्याशी बोला. आणि याला काढलंत, तर रोज तुमच्या दारात बसून मासे खारवीन."

बाहेर पार्सलं न्यायला आलेली माणसं ऐकत होती. थाकसाहेब एका पायावर डोलत नाड्या सोडू लागले.

प्योनं बरणी वर नेली आणि दाराशी टेकवली. कुलुपाचा नंबर त्याला पाठ होता. बोट आकड्यांपर्यंत गेलं, थांबलं, आणि त्यानं बेल दाबली. आत कुणीच नव्हतं, आजी त्याच्या शेजारीच उभ्या होत्या.

"कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"प्यो. वॉचमन. आत येऊ का?"

"या," आजी म्हणाल्या. "पण आधी माझ्या चपला काढा."