पांढरी वायर

हारूनभाई कुठल्याही मशीनला हात लावण्याआधी डोळे मिटायचे. येरवड्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. गिऱ्हाईक तक्रार सांगायला लागलं की म्हणायचे, "तुम्ही जरा गप बसा. आधी त्याला बोलू द्या." कुणी घरीच स्क्रू खोलून सेट आणला, तर विचारायचे, "कोणी उघडला? मग त्यांनाच द्या की. अर्धं काम झालंय त्यांचं."

मी चौथी शिकलेला, तोंडाचा फटकळ. माझं फारसं कुणाशी पटलं नाही. त्यांच्याशी पटलं.

शांता, माझी बायको, जाऊन तीन महिने झाले होते. पोरगा खराडीला आयटी कंपनीत. बाप एकटा बसतो म्हणून त्यानं डिस्क प्लेअर आणि होम थिएटर आणून जोडलं. मला एकच डिस्क बघायची होती, मुलीच्या लग्नाची. त्यात बायकांनी शांताला उखाणा घ्यायला लावला होता. मी तेव्हा मांडवामागं आचाऱ्याशी भांडत होतो. उभ्या जन्मात ती मला 'अहो' म्हणाली. नाव घेतलं ते त्या दिवशी, आणि ते मी ऐकलंच नाही.

डिस्क लावली. शांता पदर सावरते, हसते, ओठ हलतात, आणि वर सिनेमाचं गाणं.

"पप्पा, शूटिंगवाल्यानं गाणं टाकलंय. खालचा आवाज गेला," पोरगा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी हारूनभाईंना घरी घेऊन आलो. पडद्यातून पिवळं ऊन झिरपत होतं. ते फरशीवर मांडी घालून बसले, डोळे मिटले. गाणं वाजत राहिलं. झोप लागली की काय, असं मला वाटलं.

"दादा, गेला असं कोण म्हणालं? हे शूटिंगवाले आळशी. एका बाजूला गाणं भरतात. दुसऱ्या बाजूला मांडवातला आवाज तसाच पडून असतो. गाण्याखाली दबतो फक्त."

प्लेअरमधून थिएटरच्या डब्यात दोन वायरी जात होत्या, लाल आणि पांढरी. त्यांनी पांढरी उपटली.

गाणं तुटलं. उजव्या स्पीकरमधून मांडव आला. भांड्यांचा आवाज, पोरांचा कालवा, कुणाचा तरी खोकला. भिंतीपलीकडं ते लग्न अजून चालूच होतं जणू. मग ती बोलली, अगदी माझ्या कानाशी:

"मांजरी गावच्या शिवारात वाऱ्यानं डुलतो ऊस,
निवृत्तीराव बोलतात करवत, पण आतून कापूस."

बायका खिदळल्या. मला समोरचं काही दिसेना.

"करवत रोजच बघतो, दादा," हारूनभाई हळूच म्हणाले. "कापूस आज बघितला."

"निघा आता," मी म्हणालो. ते हसत निघाले.

गेल्या वर्षी हारूनभाई गेले. कबरस्तानात मीही मूठभर माती टाकली. दुकानात आता मोबाईलची कव्हरं मिळतात.

परवा पोरगा टीव्हीमागं वाकला. "पप्पा, एक वायर निघालीय. लावू का?"

मी डिस्क आत सारली. म्हटलं, "तू जरा गप बस. आधी तिला बोलू दे."