मावशीच्या धवल्यातला थांबा

हिरामावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी पोहे परतत होते. रात्री झोपेतच गेली, असं जासईहून तिचा मुलगा सांगत होता आणि माझ्या मनात भलताच प्रश्न... आता लग्नात धवले कोण म्हणणार? मावशी आमच्याकडची धवलारीण, लग्नविधीची ही गाणी म्हणणारी. हळद लावण्यापासून वरातीपर्यंत सगळं तिच्या गाण्यांवर चालायचं. भटजींनासुद्धा ती नुसत्या हाताच्या खुणेनं थांबवायची.

पन्नाशीत तिला दम्यानं गाठलं. डॉक्टरांनी निळा पंप दिला आणि मावशी त्याच्या प्रेमातच पडली. झुरका घेतला की आवळलेली छाती मोकळी, आवाज खणखणीत. मग काय, प्रत्येक कडव्याआधी झुरका सुरू झाला. कमरेला खोचलेला तो पंप हळदीच्या बोटांनी पिवळा पडला. कुणी दमलेलं दिसलं की त्याच्यापुढेही ती पंप धरायची. एका हळदीत ढोलकीवाल्यानं तिच्या आग्रहाखातर लागोपाठ झुरके घेतले. त्याचे हात असे थरथरायला लागले की ताल उरणला पोचला आणि गाणं जासईतच राहिलं. आम्ही हसून हसून लोळलो.

माझी हळद आठवड्यावर आली आणि हसू पळालं. मावशीची छाती धडधडायला लागली, हातातली वाटी निसटली. मी तिला पनवेलला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी हृदयाचा आलेख काढला आणि म्हणाले, "मावशी, हे औषध श्वासनळ्या उघडतं, तसं हृदयालाही पळवतं. पानसुपारीसारखं वाटत फिरायचं नाही. रोज हा दुसरा पंप घ्या, आतली सूज उतरेल. निळा फक्त दम लागला तरच. आणि गाणं आता बंद."

मावशीचा चेहरा उतरला. "डाक्टर, पोरीची हलद हाय. मी गायली नाय, तं तिला हलद लागंल कशी?"

मला रडूच आलं. तिच्या आवाजाशिवाय मला हळद नकोच होती. डॉक्टरांनी आमच्या दोघींकडे पाहिलं. "बरं. पण मध्येमध्ये थांबायचं. शांतपणे श्वास घ्यायचा, मग पुढची ओळ."

"थांबंन. पन गानं सोरनार नाय."

मावशीनं शब्द पाळला. माझ्या हळदीत दर चौथी ओळ संपली की ती थांबायची, डोळे मिटून लांब श्वास घ्यायची आणि पुढची ओळ उचलायची. धवला पुरा झाला, पंप कमरेलाच राहिला. मी इतकी खूश होते की हळद डोळ्यांत गेलेलीही कळली नाही. पुढची सगळी लग्नं ती तशीच गायली.

परवा विचुंब्याला भाचीची हळद होती. गायला मावशीकडे शिकलेल्या दोघी तरुण बायका, दोघींच्या छात्या ठणठणीत. चौथी ओळ संपली आणि दोघी थांबल्या. डोळे मिटले, लांब श्वास घेतला...

धवला संपल्यावर मी विचारलं, "इथं का थांबता गो?"

"हिरामावशीनं तसाच शिकवलाय. धवला हितं थांबतोच."

मी हळदीची वाटी उचलली आणि पुढच्या धवल्यातली चौथी ओळ कधी येते त्याची वाट पाहत बसले.