इथल्या बाळंतिणी, बाहेरच्या बाळंतिणी

वजनकाट्याशी उभं राहून आयुष्य गेलं की किस्से आपोआप साठतात. बाळं मोठी होऊन निघून जातात, किस्से डॉक्टरकडेच राहतात! मी बालरोगतज्ज्ञ, वय चौऱ्याहत्तर. निवृत्तीनंतर अंधेरीच्या एका प्रसूती विभागात जातो. तिथे एक अभ्यासही करतो: मुंबईत जन्मलेल्या आया आणि बाहेरून आलेल्या आया, यांची बाळंतपणं आणि बाळांची तब्येत. चार पदव्या आहेत, तरी प्रत्येक फॉर्म तीनदा तपासतो.

*

पहिल्याच फॉर्मने वाट लावली. मी विचारलं होतं, 'गाव कोणतं?' महिनाभराने पाहतो तर मुंबईची कुणीच नाही! एक साताऱ्याची, दुसरी संगमेश्वरची, तिसरी मालवणची.

इनचार्ज सिस्टर शेलार हसायलाच लागल्या. "सर, या सगळ्या इथेच जन्मल्यात. मुंबईत कुणालाही गाव विचारा, आजोबांचंच सांगणार!"

"मग आधी का नाही बोललात?"

"तुम्ही एवढे शिकलेले. वाटलं, मुद्दाम विचारलं असेल!"

*

अपवाद एकच. वेसाव्याची, म्हणजे वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली मासळीवाली हिराबाई सुनेच्या बाळंतपणाला आली होती. सुनेचा फॉर्म तीच सांगत होती.

"गाव?"

"वेसावा."

"मूळ गाव?"

"तेच. आमी हितंच व्हतो. तुमची मुंबय मंग आली!"

*

बाहेरच्या बायकांचा आहार कमी पडतो, असं माझं गृहीतक. म्हणून एका दुपारी डबे पाहिले. हिराबाईच्या सुनेला मुडदुशा मासळीचं कालवण, शेजारच्या गोरखपूरच्या बाळंतिणीला सुंठीचे लाडू. राउंड संपवून परत येतो तर डब्यांची अदलाबदल! दोघी खुशीत जेवतायत.

"सर, आहाराच्या रकान्यात काय लिहू?" सिस्टर शेलारांनी विचारलं.

"दोघींना सगळं," मी म्हणालो. आणखी काय म्हणणार?

*

"सर, तुमचा जन्म कुठला?" सिस्टर शेलारांनीच एकदा विचारलं.

"कारवारचा."

"म्हणजे बाहेरचे!"

"आणि तुमचा?"

"याच वॉर्डात. खिडकीजवळच्या खाटेवर." मान अशी ताठ की बघत राहावं!

*

आणि माया. नेपाळची, नवरा गोरेगावात वॉचमन. सातव्या महिन्यातच मुलगी झाली, दीड किलोची. अशा बाळाला उघड्या छातीशी धरून ऊब द्यावी लागते. पण मायाला ताप. "घरात दुसरी बाई?" नवऱ्याने नकारार्थी मान हलवली. मला धडकी भरली. पोर जगेल ना?

पलीकडून हिराबाई ऐकत होती. "आना हितं!" म्हणाली. आंघोळ करून आली आणि पोर छातीशी घेऊन बसली.

"मावशी, तुमचा बाजार?"

"बाजार कुठं जातंय?"

तिसऱ्या दिवशी सून घरी गेली. हिराबाई मात्र रोज सकाळी हजर. मायाचा ताप उतरल्यावर दोघींनी पाळ्या लावल्या. हिला नेपाळी येईना, तिला मराठी. तरी पाळी कुणाची यावर भांडण झकास चालायचं!

काटा कधी वर जायचा, कधी खाली. खाली गेला की मला जेवण जायचं नाही. एक किलो आठशे झाल्यावर मी घरी सोडायचा कागद काढला.

"दोन किलोच्या आत नाय सोडायची," हिराबाईने बजावलं. मी कागद गुपचूप खिशात घातला.

दोन किलो भरले त्या सकाळी अख्खा वॉर्ड काट्याभोवती जमला. सिस्टर शेलारांनी आकडा मोठ्याने वाचला. एवढा अभिमान मला स्वतःच्या कुठल्याच कामाचा वाटलेला नाही.

हिराबाईने पोर मायाच्या हातात दिली. पदर सारखा केला. मग माझ्याकडे वळली.

"डाक्टर, आनखी हाय का कोन?"