ठाकुरदेवाच्या दगडाचा ठसा

शिलालेखाचा ठसा घ्यायला काय काय लागतं, ते मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. जाड हातकागद, बादली, एक नरम ब्रश, एक ताठ ब्रश, काळी शाई, शाई लावायची कापडी गादी आणि दगड पुसायला जुनं सुती लुगडं. हे सगळं रायपूरच्या चौबे कॉलोनीतल्या आमच्या घरी जिन्याखाली एका टोपलीत कायम तयार असतं. आठवडाभर मी सरकारी कार्यालयात फायली बघते आणि रविवारी दगड वाचते.

हे खूळ शाळेच्या सहलीत लागलं. संग्रहालयात काचेमागे आमच्याच भागात सापडलेले ताम्रपट होते आणि त्यांच्यावरच्या प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर एक इवलीशी चौकट होती. पुढे वाचनातून कळलं की विदर्भातल्या जुन्या ताम्रपटांवरही अशीच चौकटीची अक्षरं आहेत. आमचे आजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी विदर्भातून रायपूरला आले, हे मी घरात लहानपणापासून ऐकत होते. त्यांच्या कितीतरी शतकं आधी कुणीतरी लिहिणारा माणूस ही अक्षरं घेऊन याच वाटेनं गेला असेल. इकडून तिकडे की तिकडून इकडे? पोटासाठी, की राजानं बोलावलं म्हणून? बायकोपोरं सोबत होती का? हे प्रश्न मला लागले ते लागलेच.

म्हणून कार्यालयातल्या एकानं आपल्या गावच्या दगडाचा फोटो मोबाइलवर दाखवला, तेव्हा मी जेवणाचा डबा तसाच बंद केला. शेंदराच्या पापुद्र्याखाली चौकटीची अक्षरं दिसत होती.

दगड ठाकुरदेवाचा, म्हणजे गावच्या राखणदार देवाचा होता. शेंदराचा थर वर्षातून एकदाच, अक्तीच्या म्हणजे आपल्या अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी काढतात. तेव्हाच काय ती अक्षरं उघडी होतात. त्यात यंदा पूजा झाली की लगेच पंचायत चौथरा बांधून टाइल्स लावणार होती आणि दगडाचा खालचा अर्धा भाग सिमेंटात जाणार होता. लेख नेमका त्याच भागावर होता. म्हणजे ही एकच संधी.

मी गावी जाऊन पुजाऱ्याला भेटले. त्याला बैगा म्हणतात. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"कागद लगा लो दीदी, कोई बात नहीं। पर ठाकुरदेव के घेरे में औरत नहीं जाती।"

मी पुष्कळ वाद घातला असता. पण दिवस थोडे होते आणि वादानं ठसा मिळत नाही. घरी आले आणि नवऱ्याला सांगितलं.

"मी?" तो म्हणाला. तो उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये शिफ्ट इंचार्ज आहे आणि माझ्या दगडांपासून त्यानं आजवर स्वतःला नीट वाचवलं होतं. "मले काय समजते त्यातलं? अवं, तुझ्या त्या कागदाले मी हात लावला तर तूच ओरडतं."

"या वेळी नाही ओरडणार."

"लिहून दे."

सराव म्हणून त्यानं आमच्याच फाटकावरच्या नावाच्या संगमरवरी पाटीचा ठसा घेतला. शेजारच्या काकू बघत उभ्या होत्या. "भैया, घर बेच रहे हो क्या?" त्यांनी विचारलं. तो लाजेनं आत पळाला. पण ठसा बरा आला होता.

अक्तीच्या आदल्या दिवशी सकाळी पोचलो. बैगानं स्वतः शेंदूर खरवडला, दगड धुतला. नवरा टोपली घेऊन काट्यांच्या कुंपणाआत गेला आणि मी बाहेर मोहाच्या झाडाखाली उभी राहिले. हळूहळू गावातल्या बाया माझ्याभोवती जमल्या. त्यांच्यात एक म्हातारी होती, गावची दाई. तिनं मला हाताला धरून तिथल्या खाटेवर शेजारी बसवून घेतलं.

मी जवळ तीनच कागद ठेवले होते. पहिला भिजवून दगडाला लावला आणि तिथंच माझं गणित चुकलं. ऊन इतकं होतं की ब्रशनं ठोकून अक्षरांत बसवण्याआधीच कागद वाळून कडेला वळायला लागला.

"अहो, पाणी मारा! वरून पाणी मारा!"

"मारून राहिलो न!"

"आणि ब्रश जोरात! देवाला लागत नाही!"

बायांना एव्हाना खेळ समजला होता. त्याही ओरडायला लागल्या, "भइया, पानी डार! पानी डार!" घाईघाईत त्यानं कागद ओढला आणि तो मधोमध फाटला.

दुसऱ्या वेळी बैगा ओलं लुगडं डोक्यावर धरून सावली करत उभा राहिला. नवऱ्यानं दात-ओठ खाऊन ब्रश मारला, शाईची गादी हलकी हलकी टेकवली आणि कागद सुटा करून बाहेर घेऊन आला. काळ्या कागदावर पांढऱ्या ओळी. वरच्या दोन स्वच्छ होत्या, शेवटची फिकट. मी तो ठसा खाटेवर पसरला आणि तिथल्या तिथं वाचायला लागले. कुणाच्या तरी मुलानं तळं खोदलं, एवढं पहिल्या झटक्यात लागलं.

मान वर केली तेव्हा सगळ्या बाया खाटेभोवती उभ्या होत्या.

"का लिखाय हे?" दाईनं विचारलं. मी तळ्याचं सांगितलं. तिनं कागदावर डोकं टेकवलं. म्हणाली, लग्न होऊन आले तेव्हापासून या देवाला लांबूनच हात जोडते आहे. "हमन तो कभू देखे नइ हन।"

त्या बायांपैकी कुणीच तो दगड जवळून पाहिला नव्हता. मग ती कागदाची कड धरून बसली. "ये ह ठाकुरदेव आय। येला गाड़ी म भर के कहाँ लेगबे?"

देवाला गाडीत घालून कुठं नेणार, असं ती विचारत होती. लेख वाचायचा तर ठसा मला घरी हवा होता, भिंग लावून, बाकीच्या ठशांशेजारी ठेवून. आणि तिच्या हातून तो ओढून घेणं मला जमणार नव्हतं. मी फोटोवर भागेल का, असा विचार करत होते, तेवढ्यात मागून आवाज आला.

"एक कागद हाय न अजून? आण इकडं."

नवरा पुन्हा आत गेला. या वेळी मी एक शब्द बोलले नाही. त्यानं वेळ घेतला. बाहेर आला तो कोपरापर्यंत काळा होऊन, आणि कागद त्यानं मला न देता सरळ दाईच्या हातात ठेवला.

"आजी, ये तुम्हारा।"

मी वाकून पाहिलं. तिसरी ओळसुद्धा स्पष्ट उठली होती. तो सगळ्यात चांगला ठसा होता. मनात एकदा आलं, अदलाबदल करावी. दाईनं तोवर पदराचं टोक ओलं करून त्याच्या हातावरची शाई पुसायला घेतली होती. मी दुसऱ्या कागदाची गुंडाळी करून टोपलीत ठेवली.

पूजा झाली, ठेकेदार आला, टाइल्स लागल्या. लेख आता सिमेंटाखाली आहे. गावचा ठसा महिला समूहाच्या खोलीत काचेच्या फ्रेममध्ये आहे. काचेला कुंकू लावायचं, कागदाला नाही, एवढी अट मी घातली आणि ती त्या पाळतात.

शेवटची ओळ मी तिथंच जाऊन वाचते. त्या ओळीत तळं खोदणारा कुठून आला ते सांगितलं आहे. गावाचं नाव तीन अक्षरांचं, त्यातलं मधलं अक्षर दगडावरच तुटलेलं. मला ते विदर्भातलं हवं आहे, म्हणूनच मी घाई करत नाही. नवऱ्याला असला संकोच नाही. परवा फ्रेमसमोर उभा राहून तो दाईला समजावत होता, "आजी, ये हमारे तरफ का आदमी है।"

"हव," ती म्हणाली, "फेर तरिया तो हमर गाँव म खनिस।" तळं तर आमच्याच गावात खोदलं ना.